नाव कळंब, झाडं दोन

गंगाखेड, ९ जून १९५७

तीर्थरूप दिनकरमामांस,

दैवशालाचा नमस्कार. नुसताच नमस्कार. मामाला साष्टांग लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, शाळेत मुलींना मीच ती शिकवते. पण खोटं लिहायची सवय मला लावून घ्यायची नाही. आपल्या घरात ती सवय असलेला एक माणूस पुरे.

तुमचं पत्र पोचलं. तुमची चतुरा गेली तेव्हा मात्र तुम्ही पत्र टाकलं नाही. पालमची एक बाई एसटीत भेटली, तिच्याकडून कळलं, तेही तीन महिन्यांनी. त्या दिवशी मी वर्गात पाठमोरी होऊन फळाच पुसत राहिले. चतुराशी माझं भांडण कधीच नव्हतं, मामा. एका घरात वाढलो, एकमेकींच्या वेण्या घातल्या. तुम्ही तिला बन्सीधररावांना दिलीत तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. मलाही विचारलं नव्हतं.

आता तुम्ही लिहिता की जावयाचं घर उघडं पडलंय, छबू आईविना तुमच्याच अंगणात वाढतेय, बाहेरची सावत्र आई येण्यापेक्षा घरची मुलगी बरी, आणि "दैवशालाही अजून तशीच आहे." हा 'तशीच' मी चारदा वाचला. शिंकाळ्यावर ठेवलेलं गाडगं तसंच राहतं, मामा. मी राहिले नाही. मी सातवी केली, ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले.

आणि मग पत्राच्या अगदी तळाशी, शाई संपत आल्यासारख्या अक्षरात: "देवकाची अडचण आता राहिली नाही. जाणत्यांना विचारलं. त्यांचा कळंब निराळा, तुझा निराळा. त्या वेळी माझी नजरचूक झाली."

नजरचूक! अहो, चष्मा विसरलात की काय त्या दिवशी?

तुम्ही विसरला असाल तर मी आठवण करून देते. पोलीस ॲक्शन झालं, त्यानंतरचा वैशाख. माझे वडील नव्हते, आई आणि मी तुमच्याकडे पोखर्णीला. बन्सीधररावांचं स्थळ तुम्हीच पाहिलं, पालमला तुम्हीच जाऊन आलात, देवक-कुळी तुम्हीच विचारून आलात. माझ्या वडिलांचं देवक कळंब. एका देवकाची माणसं म्हणजे भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोर सांगेल. आणि तरीही हळद लागेपर्यंत तुम्ही गप्प होतात. वऱ्हाड आलं. त्यांनी त्यांच्या देवकाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून पालमहून आणलेली, आपली फांदी ओढ्यावरून तोडलेली. दोन्ही मारुतीच्या पायरीशी ठेवल्या. आणि तुम्ही हात वर केलात. मी बायकांच्या मधे पिवळी होऊन बसले होते. मला शब्द न शब्द ऐकू आला.

"थांबा! ही दोगं भाऊ-भईन हायती. ह्यांचा कळंब, आमचा बी कळंब. पाप करता का?"

आश्रुबा गुरव म्हणाला, "मालक, पानं येगळी दिसायलीत की."

आणि तुम्ही म्हणालात, "गप रे. देवकात नाव बघत्यात, पानं बघत न्हाईत."

वऱ्हाड उपाशी परत गेलं. आईनं माझी हळद रिठ्यानं घासून काढली, रडत आणि मला शिव्या देत, जणू मीच तो कळंब लावला होता. हळद लागून लग्न मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारतं? पुढच्याच वैशाखात चतुराची वरात पालमला गेली. तुमचं देवक वेगळं, त्यामुळं तिला काही आडवं आलं नाही. आई मला घेऊन इथं गंगाखेडला चुलत्यांकडे आली, ती परत तुमच्या उंबऱ्याला शिवली नाही.

तेव्हा मामा, नजरचूक म्हणजे काय याचा नीट खुलासा करून लिहा. मग बाकीचं बोलू.

दैवशाला


गंगाखेड, १४ जुलै १९५७

ती. मामांस,

नमस्कार. खुलासा वाचला. "ऊन फार होतं, पानं सुकून चिमली होती, म्हणून ओळखू आली नाहीत." वा. पेरणीच्या पाभरीचा दांडा कशाच्या लाकडाचा आहे हे बांधावरून सांगणारा माणूस तुम्ही. शेजारच्या शेतात कुणी बाभूळ तोडली तर कुऱ्हाडीच्या आवाजावरून ओळखता. आणि दोन फांद्या पायाशी पडल्या होत्या, त्या ओळखू आल्या नाहीत!

मी मास्तरीण आहे, तेव्हा धडा घेतेच. गेल्या दोन रविवारी मी दोन्ही झाडं पाहून आले.

पहिला आपला कळंब. पोखर्णीच्या वाटेवरच्या ओढ्यात आहे ना, तोच. कोरड्या रानात, दगडाधोंड्यांत उभा. माघ-फाल्गुनात सगळी पानं टाकून देतो, वैशाखापर्यंत नवी येतात. खोडाची साल राखी, खपल्या निघतात. पान तळहाताएवढं, फार तर थोडं जास्त. आत्ता फुललाय. फुलाचा गोळा बोराएवढा, पिवळट पांढरा, एका डहाळीला दोनतीन. वास मंद आणि गोड, जवळ गेल्याशिवाय येत नाही. पुढं तो गोळा वाळून काळा खडखडीत होतो, कुणी खात नाही. लाकूड चिवट. आईची फणी त्याच लाकडाची आहे.

आता पालमकरांचं झाड. तसलं आपल्या रानात आपोआप येत नाही, कुणीतरी लावावं लागतं. इथं गोदावरीच्या काठाला एका देवळामागं एक आहे. पुजाऱ्याला विचारलं तर तोही म्हणाला, "कळंबच की." पुस्तकात त्याला कदंब म्हणतात. सरळसोट, उंच, फांद्या आडव्या पसरलेल्या. पान केवढं? जेवायला घेता येईल एवढं. वर चकचकीत. त्याचं फूल अजून उमलायचंय, पण उमलल्यावर लिंबाएवढा नारिंगी गोळा होतो आणि बाहेरून पांढऱ्या सुयांनी भरून जातो. फळ मऊ, वटवाघळं खातात, पोरंही खातात.

तळहात आणि पत्रावळ, मामा. हा फरक ऊन लपवत नाही. पान सुकलं म्हणून पत्रावळीचा तळहात होत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची सांगते, कारण मी तुमच्यासारखी अर्धं सांगणारी नाही. ट्रेनिंगला वनस्पती शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणायच्या, दोन्ही झाडं एका मोठ्या कुळातली आहेत. लांबची. इतकी लांबची की त्याच कुळात कॉफीचं झाडही येतं. म्हणजे तुमच्या हिशेबानं पालमकरांनी परभणीच्या स्टेशनवर कॉफी प्यायली तर भाऊबंदाचं रक्त प्यायल्याचं पाप लागायला हवं.

आई माझ्यावर चिडली आहे. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ हाय गं माजा. चुकलं असल त्याचं. किती दिस धरून बसायलीस? आता सोन्यासारखा योग आलाय तर लाथाडू नको."

मी म्हटलं, "आई, चुकलेला माणूस वर्षभरात आपली पोरगी त्याच मांडवात उभी करत नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "साखरपुड्याला पालमला जाऊन आला ना, तवापासून त्येचं तोंड बदललं व्हतं. बारमाही विहीर हाय म्हनला, दगडी घर हाय म्हनला. आन् मग जेवलाच न्हाई."

बघा, तुमच्या बहिणीलाही ठाऊक होतं. तिनं आठ वर्षं ते पोटात ठेवलं. मी ठेवणार नाही.

माझी अट ऐका. पोळ्याला सगळा गाव बैलं घेऊन मारुतीपुढं येतो. त्या दिवशी तुम्ही दोन फांद्या आणा, एक ओढ्यातली, एक पालमची. जिथं ठेवल्या होत्या तिथंच ठेवा. आणि गावाला मोठ्यानं सांगा की ही झाडं दोन आहेत. मग मी लग्नाचं उत्तर देईन.

दैवशाला


गंगाखेड, ११ ऑगस्ट १९५७

ती. मामांस,

नमस्कार. तुमचं म्हणणं कळलं. पोळ्याला नको, सणाच्या दिवशी शोभत नाही, घरी पाच पंच बोलावतो, त्यांच्यापुढं सांगतो.

नाही. माझी हळद पाच पंचांनी पाहिली नव्हती, गावानं पाहिली होती. आठ वर्षं पोखर्णीच्या बायका एसटीत भेटल्या की मला विचारतात, "तुजं ते भावासंगं ठरलं व्हतं, तीच का गं तू?" पंच काय त्यांच्या घरोघर जाऊन सांगणार आहेत? सांगायचं तर मारुतीपुढं. नाहीतर सांगू नका, आणि दुसरी सावत्र आई शोधा.

तुम्ही लिहिलंत, "अडला हरी, तू पाय धरायला लावतेस." म्हण अर्धीच लिहिलीत. अडलेला हरी कुणाचे पाय धरतो ते मला ठाऊक आहे. तेवढंही मी सोसते.

बन्सीधरराव इथं येऊन गेले, हे तुम्हाला ठाऊक नसेल. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभे होते, टोपी हातात. मी ओळखलंच नाही. आठ वर्षं ज्याच्यावर इतका राग केला, तो माणूस इतका साधा निघावा याचीच मला चीड आली. थोडे वाकलेत. डोळ्यांखाली काळं.

मी त्यांना एकच विचारलं. "तुमच्या घरची फांदी होती. ओल्या फडक्यात तुम्हीच धरून आणली होतीत. माझी फांदी शेजारीच पडली होती. दिसलं नाही?"

ते म्हणाले, "दिसलं हो. पन देवकाचं नाव निघाल्यावर माझ्या बापानं उठ म्हनलं. मी उठलो."

"आणि मग चतुरासाठी बस म्हटलं, की बसलात."

"बसलो," म्हणाले. मग म्हणाले, "आता बी तसंच चाललंय बगा. सासरे म्हनत्यात दैवशाला करा. आमच्या घरचे म्हनत्यात जिंतूरची पोरगी करा. तुमी हो म्हनलात तर बरं. न्हाई म्हनलात तरी मला राग न्हाई. पोरीचं तेवढं कुनीतरी नीट बघावं. तिकडं आजोबांनी पार डोक्यावर बसवलीय, अजून शाळेचं तोंड बघितलं न्हाई."

मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मी स्वतःशीच हसले, कारण ह्या माणसासाठी मी सोळाव्या वर्षी नवस केला होता. पण हे तुम्हाला का सांगू? तुम्ही पोळ्याची तयारी करा.

दैवशाला


गंगाखेड, २८ ऑगस्ट १९५७

ती. मामांस,

नमस्कार. मी येईन असं तुम्हाला वाटलं नव्हतं, हे तुमच्या तोंडावरून दिसलं. सकाळच्या एसटीनं आई आणि मी आलो, बायकांत उभ्या राहिलो. आईनं माझा हात घट्ट धरला होता.

तुमचा नवा फेटा चांगला होता. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, आणि मधून तुम्ही, दोन्ही हातांत दोन फांद्या. एकीवर नारिंगी गोळे फुललेले. गावाला वाटलं, पोळ्याचाच काही नवा नवस आहे. पोरं हसली. मग तुम्ही त्या पायरीवर ठेवल्या आणि बोललात. इतकं हळू की पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. आश्रुबा म्हणाला, "मालक, वाजंत्री थांबवू का?" थांबवली.

"ह्यो कळंब दैवशालाच्या बापाचा. ह्यो पालमकरांचा. झाडं दोन हायती. तवा माजी नजरचूक झाली."

तिथंच तुम्हाला सुटायचं होतं. पण आश्रुबा आता म्हातारा झालाय, त्याला कुणाची भीती राहिली नाही. म्हणाला, "मालक, पानं येगळी हायती म्हनून मी तवाच सांगितलं व्हतं का न्हाई?"

तुम्ही इकडं तिकडं पाहिलंत. बैल पुढं रेटत होते. कुणीच तुमच्या मदतीला आलं नाही.

"सांगितलं व्हतं," म्हणालात. "मला तवा बी दिसत व्हतं."

मामा, खरं सांगते. ह्या वाक्यासाठी मी आठ वर्षं थांबले होते. मला वाटलं होतं, ते ऐकलं की थंडगार होईल. झालं नाही. बायकांनी माझ्याकडं वळून पाहिलं, एकदोघींनी पदर तोंडाला लावला, शेजारच्या धुरपताबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. आई रडली. आणि मी उभीच, आतून अजून तशीच कडू. पुरलं नाही मला.

मग छबू पुढं आली. तुमच्या धोतराचा सोगा धरून तिनं वर पाहिलं आणि सगळ्या गावापुढं, लहान पोरं विचारतात तसं, मोठ्यानं विचारलं, "आबा, तुमी खोटं बोलला व्हता?"

तुम्ही तिला उचललंत. उत्तर दिलं नाहीत. तिचं तोंड खांद्यावर दाबून धरलंत आणि तुमचा फेटा सुटून गळ्यात आला. गावापुढं कबूल करताना तुमचं काही तुटलं नव्हतं. ते तिथं तुटलं. मी पाहिलं.

तुम्ही निघताना विचारलंत, "आता तारीख?" मी कळवते म्हणाले. दिवाळी होऊ द्या. घाई नको.

दैवशाला


गंगाखेड, २८ ऑक्टोबर १९५७

ती. मामांस,

नमस्कार.

छबू इथं आहे. काळजी करू नका, ताप-बिप काही नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बन्सीधरराव तिला घेऊन एसटीनं आले, तिचे कपडे आणि तिची ती तुम्ही घेऊन दिलेली लाकडी बैलजोडी सगळं घेऊन. तुम्हाला दिवाळीपुरतं पालमला नेतो म्हणून सांगितलं होतं, हे मला ठाऊक आहे. तसं सांगायला त्यांना मीच सांगितलं. खोटं बोलायला मला आवडत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते एवढ्यापुरतं मोडलं. मामाच्या वळणावर भाची गेली म्हणा.

आता माझं उत्तर. मी बन्सीधररावांशी लग्न करणार नाही. जिंतूरच्या मुलीशी त्यांचं ठरलं, मार्गशीर्षात आहे. मला त्याचं दुःख नाही. सोळाव्या वर्षी कदाचित मी त्यांच्या घरी सुखी झाले असते. आज मी त्या घरात गेले असते तर ती तुमच्या सोयीसाठी, तुमची नात तुमच्या हाताशी राहावी म्हणून, आणि गावानं म्हटलं असतं, बघा, दिनकररावांनी कसं निस्तरलं. ते तुम्हाला मिळणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, अट पाळली, गावापुढं नाक घासलं, आणि तू फिरलीस. मी फिरले नाही. मी लिहिलं होतं, उत्तर देईन. दिलं. हो म्हणेन असं एकाही पत्रात नाही, काढून बघा. देवकाचं नाव ऐकवून तुम्ही आम्हाला फसवलंत, आणि माझ्या पत्रात तुम्ही तुम्हाला हवं तेच वाचलंत.

भाऊबीजेला मी बन्सीधररावांना ओवाळलं. पाटावर बसवलं, टिळा लावला, करदोडा दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही. तुम्हीच गावापुढं सांगितलं होतं, ही दोघं भाऊबहीण. लग्न मोडायला चालत होतं ते नातं, मग पाळायला का चालू नये? झाडं दोन आहेत हे आता सगळ्यांना ठाऊक झालं. नातं झाडामुळं नाहीच, हे मी माझ्या मर्जीनं जोडलंय. म्हणून ते तुम्हाला मोडता येणार नाही.

बहीण झाले म्हणजे त्यांच्या पोरीची मी आत्या. आईच्या मागं पोरीला आत्यानं सांभाळायचं, यात कुणाला बोट ठेवायला जागा नाही. तुम्ही पंच बोलावलेत तर तेही हेच सांगतील. बापानं स्वतः आणून सोडलीय. येत्या सोमवारपासून ती माझ्याच शाळेत पहिलीला बसेल.

आई म्हणाली, "पोरी, हे लय झालं. म्हाताऱ्याचा जीव हाय त्या पोरीवर."

मी म्हटलं, "म्हणूनच."

ती उठून आत गेली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. ती बरोबर आहे, असं मलाही रात्री वाटतं. सकाळी वाटत नाही. सकाळी छबू माझ्या पुढ्यात बसते, मी तिची वेणी घालते, अगदी चतुराचे केस, तसेच दाट आणि तसेच हट्टी. मग मला वाटतं की मी तुमच्याकडून फक्त हिसकावून घेतलेलं नाही, मला हे हवंही होतं. दोन्ही खरं आहे. तुम्हाला त्यातलं कुठलं जास्त लागेल ते माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक.

ती तुमची आठवण काढते. जेवताना काढते, बैलजोडी खेळताना काढते. मी तिला तुमच्याबद्दल वाईट सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पोळ्याचा तिचा प्रश्न मात्र ती अजून विचारते. मी म्हणते, आबा आले की त्यांनाच विचार.

तेव्हा या. मी अडवणार नाही. आमचं घर चुलत्यांच्या वाड्यात मागं आहे, दार लोटलेलं असतं. उंबऱ्याबाहेर उभे राहा, आवाज द्या. छबू धावत येईल आणि विचारील. तिला खरं उत्तर दिलंत तर आत या, भाकरी टाकते. न दिलंत तर संध्याकाळची पोखर्णीची गाडी सहाला सुटते.

दैवशाला